बदली कोयनेच्या काठी झाली आहे: रोलचा कॅमेरा न्यावा की डिजिटल?

स्टुडिओतली · ८ जून

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. यंदाच्या बदल्यांत जावळी तालुक्यातली, शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या काठावरची शाळा मिळाली. साताऱ्याहून बामणोलीपर्यंत एसटी, तिथून लाँचने पाऊण तास आणि वर अर्ध्या तासाची चढण. पहिली ते चौथी मिळून अकरा मुलं. शाळेला लागूनच दोन खोल्या मिळाल्यात, कौलारू, मातीच्या भिंतींच्या. गेल्या आठवड्यात एक फेरी करून आले. पंधरा तारखेला शाळा उघडायच्या आत सामान वर न्यायचं आहे. पुढे वारा-पाऊस असला की लाँच सुटत नाही, आणि ओझं चढणीवर डोक्यावरूनच न्यावं लागतं, म्हणून दोन्ही कॅमेरे न्यायचे नाहीत असं ठरवलंय. कोणता न्यायचा, तिथे गाडी अडली आहे.

एक निकॉन डी ७२००, त्याला एक झूम आणि एक मॅक्रो (बारीक वस्तू अगदी जवळून टिपणारी) लेन्स. दुसरा आण्णांचा यशिका मॅट १२४ जी. आण्णांचा कोरेगाव तालुक्यात फोटो स्टुडिओ होता, २००८ मध्ये बंद केला. हा दोन भिंगांचा, मान खाली घालून वरून बघायचा कॅमेरा. १२० चा रोल घालायचा, एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बारा निगेटिव्ह. शटर पूर्ण यांत्रिक. त्यातला मीटर पाऱ्याच्या सेलवर चालायचा आणि तो सेल आता मिळत नाही, पण मीटर बंद असला तरी फोटो निघतो. आण्णा उजेड बघूनच आकडे लावायचे, तेवढं मलाही त्यांनी शिकवलंय. डेव्हलपिंग टँक, थर्मामीटर, मोजपात्रं, हात घालून रोल उघडायची काळी पिशवी हे सगळं त्यांनी पत्र्याच्या एका ट्रंकेत जपून ठेवलं आहे.

तिथली परिस्थिती सांगते. पावसात लाईट गेली की चार-चार दिवस येत नाही. रेंज फक्त शाळेच्या वरच्या अंगाला एका आंब्याखाली. साताऱ्याला येणं महिन्यातून एकदा. आणि पाऊस म्हणाल तर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आम्ही त्याच डोंगरांच्या कुशीत आहोत.

फोटो कशाचे काढायचे ते मात्र ठरलेलं आहे. खोली बघायला गेले तेव्हा शेजारच्या घरात चहाला बसवलं. भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो होता. उठून जवळ गेले तर तो आधार कार्डावरचा फोटो, मोठा करून घेतलेला. डोळ्यांच्या जागी राखाडी चौकोन, कानाची कड मागच्या रंगात मिसळून गेलेली. दुसरा फोटो नव्हता का, विचारलं. "कधी निघालाच न्हाई," घरातल्या आज्जी म्हणाल्या. तेवढ्या एका वाडीत अशी तीन घरं पाहिली. कोयना धरण १९६४ ला पूर्ण झालं. पाणी चढलं तसं खालचं गावठाण सोडून वर आलेली माणसं आता ऐंशीच्या आसपास आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांच्या जुन्या घरांची जोती उघडी पडतात आणि ही माणसं ती बघायला खाली जातात. त्यांचे नीट फोटो काढायचे आणि त्यांच्या हातात द्यायचे, एवढंच माझ्या मनात आहे.

हातात द्यायचे, इथेच सगळं येऊन थांबतं. डिजिटलवर काढलेला फोटो कार्डात राहणार, मी साताऱ्याला येईन तेव्हा छापला जाणार. काळा-पांढरा रोल मात्र मी तिथेच धुऊ शकते. जो फोटो त्या गावात सुरू होऊन त्या गावातच पुरा होतो, तो मला हवा आहे. पण पावसाची धास्ती दोन्ही कॅमेऱ्यांना सारखीच. अशा जागी ज्यांनी दिवस काढलेत त्यांनी मोकळेपणी सांगा.


सडा-पठार · ८ जून

ताई, डिजिटल न्या. मी साताऱ्यात राहतो, कित्येक वर्षं कासला आणि आसपासच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांवर, फुलांचे फोटो काढतोय. ऑगस्ट-सप्टेंबरात तिकडे उजेड कसा असतो ते तुम्हाला कळेलच. धुकं उतरलं की भर दुपारी संध्याकाळ होते. सीतेची आसवं हे फूल बोटाच्या पेरापेक्षा लहान आणि वाऱ्याला क्षणभर उसंत नसते. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनक्षमता, १६०० वर नेऊन एका फुलाचे तीस-चाळीस फोटो काढावेत तेव्हा एक धड येतो. बारा निगेटिव्हमध्ये ते कसं जमायचं? शिवाय तुमचा यशिका साधारण एक मीटरच्या आत फोकसच होत नाही.

आणि फुलांच्या नोंदीला रंग लागतो. तेरडा, सोनकी, वायतुरा, दवबिंदू, हे काळ्या-पांढऱ्यात ओळखायचे कसे? कास २०१२ पासून पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथे हजारो लोक कॅमेरा घेऊन जातात. तुमच्या काठावरच्या सड्यांवर कोण जातंय? टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. ती फुलायचं साल नेमकं तुमच्या मुक्कामात आलं तर हातात डिजिटल असू दे, ही माझी कळकळीची विनंती.


साधा प्रश्न · ८ जून

फोटो हातात द्यायचेत तर मोबाईल आणि एक छोटा प्रिंटर पुरणार नाही का? उष्णतेने छापणारे पोस्टकार्ड आकाराचे प्रिंटर मिळतात, काही बॅटरीवरही चालतात.


हायपो · ९ जून

ताई, विट्याहून लिहितोय. उभी हयात डार्करूममध्ये गेली. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद वापरत होतो तेव्हापासून. उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

काळा-पांढरा रोल धुवायला लाईट लागत नाही. इलफर्डचा एचपी ५ प्लस रोल घ्या आणि आयडी ११ या डेव्हलपरची, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या औषधाची, पावडर न्या. द्रावण एकास एक पाणी घालून वापरलं तर २० अंशाला १३ मिनिटं. पाणी २४ अंशांचं असेल तर सुमारे ९. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नका, निगेटिव्हवर पट्टे येतात. इथे विट्यात एप्रिलमध्ये टाकीचं पाणीच तिशीच्या वर असायचं, आम्ही बर्फाच्या पिशव्या सोडून ते उतरवायचो. तुमच्या झऱ्याचं पाणी पावसात आपसूक गार असेल, ही मोठी सोय आहे. फक्त डेव्हलपर, हायपो (उमटलेलं चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणी सगळं एकाच तापमानाला ठेवा. कोमटातून एकदम गारात टाकलं की फिल्मवरचा थर आकसतो आणि जाळीसारखे तडे जातात.

धुवायला वाहता नळ लागतो असं लोकांना वाटतं. लागत नाही. हायपो ओतून दिल्यावर टँक पाण्याने भरा, पाच वेळा उलटापालटा करा, ओता. परत भरा, दहा वेळा. परत भरा, वीस वेळा. १२० च्या एका रोलला अर्धा लिटर द्रावण लागतं, म्हणजे दीड लिटरमध्ये काम झालं. मे महिन्यात हंड्याने पाणी वाहायची वेळ येईल तेव्हा याची किंमत कळेल.

रंगीत रोल तिथे धुवायचा विचारही नको. त्याला डेव्हलपर ३७.८ अंशाला लागतो आणि अर्ध्या अंशाचाही हिशेब ठेवावा लागतो.

वापरलेलं हायपो ओढ्यात ओतू नका, हात जोडून सांगतो. त्यात चांदी उतरलेली असते आणि तुमचा ओढा थेट जलाशयात जातो. कॅनमध्ये साठवा. त्यात लोखंडी लोकरीचा बोळा टाकून ठेवला की चांदी सुटून तळाला काळा गाळ बसतो. स्वयंपाकघरातला स्टेनलेसचा घासा त्याला चालत नाही. आमच्या विटा-खानापूर भागातले गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळायला जातात. एक गलाईवाला दर महिन्याला माझ्या डार्करूममधून कॅन भरून हायपो न्यायचा आणि त्या पैशात माझा कागदाचा खर्च थोडा हलका व्हायचा. तुमचा कॅन भरला की साताऱ्यात एखाद्या चांदी गाळणाऱ्याला विचारा.

खरी भीती ओलाव्याची. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांवर टिकून राहिली की भिंगात बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. आम्ही कपाटात शून्याचा बल्ब रात्रंदिवस लावून ठेवायचो, तुमच्याकडे ते होणार नाही. तेव्हा घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात निळी सिलिका जेल. दाणे गुलाबी झाले की जेवणाच्या कामाचा नसलेल्या तव्यावर मंद आचेवर परत निळे होईस्तोवर तापवा. १२० चा रोल पाठीला कागद असलेला असतो. त्याचं पाकीट वापरायच्या दिवशीच फोडा, दमट हवेत कागदावरचे आकडे फिल्मवर उमटतात. आणि काढलेला रोल पंधरा दिवसांच्या वर ठेवू नका.


लाँचकाठ · १० जून

बाई, मी तुमच्याच बाजूच्या वाडीतला. आता वाशीला माथाडीत हाय, सुट्टीला गावी जातो. तेवढं फोटूचं मनावर घ्या.

आमच्या म्हाताऱ्या मानसांना मोबाईलात फोटू दावला तर डोळं बारीक करून बघत्यात, "बरं हाय" म्हनत्यात आन परत देत्यात. मोबाईल खिशात गेला की फोटू बी गेला. हातात दिलेला फोटू कापडात गुंडाळून ट्रंकंत ठेवत्यात, पाव्हनं आलं की काढून दावत्यात.

अजून एक. चार-पाच सालामागं एका शिबिरवाल्यांनी येऊन लय फोटू काढलं. पाठवतो म्हनालं. परत कोन आलं न्हाई. तवापास्नं आमची मानसं कॅमेऱ्याम्होरं उभी ऱ्हायला कचरत्यात. तुमी पयला फोटू ज्येचा काढाल त्येला तो पयला द्या, मगच दुसऱ्याच्या दारात जावा.


गावभाग · ११ जून

मी सांगलीचा. ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर गावभागातल्या आमच्या घरात शिरला तेव्हा वर माळ्यावर न्यायला फक्त धान्य आणि कागदपत्रं जमली. फोटोंचं कपाट खालीच राहिलं. पाणी ओसरल्यावर त्यातून काय काय निघालं ते सांगतो, तुमच्या प्रश्नाला ते लागू आहे.

दोन हार्ड डिस्क होत्या. डेटा काढायला दिल्या. एकीतलं थोडं हाती लागलं, दुसरीतलं काहीच नाही. घरच्या इंकजेटवर छापलेल्या फोटोंचे कागद होते, पण शाई वाहून गेलेली, निळसर-जांभळे ओघळ तेवढे उरले होते. अल्बममधले रंगीत फोटो प्लास्टिकला असे चिकटले की सोडवताना चेहरेच निघून आले. आणि तळाच्या खणात आजोबांच्या निगेटिव्हचं खोकं होतं, गाळाने भरलेलं. एका जुन्या छायाचित्रकारांनी फोनवर बजावलं, वाळू देऊ नका, वाळल्या की जन्मात सुटणार नाहीत. बादलीत स्वच्छ पाणी घेऊन सगळं त्यात बुडवलं. एकेक पट्टी पाण्यातच सोडवायची, बोट न घासता नुसती हलवायची, पाणी बदलायचं, मग दोरीला चिमट्यांनी टांगायची. आई आणि मी तीन दिवस तेच करत होतो. आत्याच्या लग्नाच्या निगेटिव्ह उजेडाकडे धरल्या तेव्हा मांडवातली माणसं ओळखू येत होती.

पण पुढचंही ऐका. माझ्या डिजिटल फोटोंपैकी जे पुण्याला भावाकडे दुसऱ्या डिस्कवर ठेवले होते, त्यांना पुराचा थेंब लागला नाही. निगेटिव्हची अशी प्रत निघत नाही, ती एकच असते. म्हणून तुम्ही काहीही वापरा, निगेटिव्ह वर गावात ठेवू नका. प्रिंट गावात, निगेटिव्ह साताऱ्यात. दोन्ही एका छपराखाली नकोत.


स्टुडिओतली · १३ जून

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या निघते. यशिका आणि ट्रंक नेतेय, डिजिटल साताऱ्यात बहिणीकडे ठेवतेय. लाँचकाठ यांनी सांगितलेलं मनाला लागलं. ज्याचा फोटो त्याला आधी, हे पाळीन. साधा प्रश्न यांना: शाळेचे रोजचे फोटो मोबाईलवरच काढून पाठवावे लागतात, ते चालूच राहील. प्रिंटर मी पाहिला, सोयीचा आहे, पण त्याचा कागद आणि रिबन संपली की मी परत साताऱ्याच्या भरवशावर. पावडर आणि हायपोची वर्षाची बेगमी एका पिशवीत मावते.

सडा-पठार, तुमचं म्हणणं मी टाकून दिलेलं नाही. पाऊस थोडा बघते, मग बोलू.


सडा-पठार · १३ जून

ठीक आहे ताई. सांभाळून जा. जंगलात जळवा फार असतात, तंबाखू-मीठ जवळ ठेवा. सप्टेंबरात मी त्या बाजूला येईन.


स्टुडिओतली · १७ ऑगस्ट

साताऱ्यात आलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला रोल जूनमध्ये भरला. आमच्या वाडीत एक आजी अजून इरलं, पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं, विणतात. बाकी सगळ्यांनी प्लास्टिकचा कागद घेतला. बांबूच्या कांब्यांची जाळी, तिच्यावर पानांचे थर, वरून परत जाळी. एक कांबी दातांत धरलेली, दुसरी पायाच्या अंगठ्यात अडकवलेली, आणि दोन्ही हात मोकळे. यशिकात मान खाली घालून बघावं लागतं, त्यामुळे मी त्यांच्याकडे रोखून बघत नव्हते. थोड्या वेळात त्या कॅमेरा विसरल्या. सहा फोटो काढले, शेवटचा नुसत्या हातांचा, जेवढं जवळ जाता येईल तेवढं जाऊन.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोल धुवायला घेतला. बाहेर चार दिवस सूर्य नव्हता. चपलांना, दप्तरांच्या पट्ट्यांना पांढरी भुरी आली होती, भिंतीला हात लावला की ओल बोटाला लागायची. काळ्या पिशवीत हात घालून टँकच्या रिळावर फिल्म चढवायला बसले. पाच मिनिटांत पिशवीत तळहात घामाने भिजले. फिल्म दीड वेढा गेली आणि अडकली. मागे घेतली, परत सरकवली, परत तिथेच. बाहेर काढता येत नाही, आत जात नाही. शेवटी मी जोर लावला.

पाणी छान होतं, २१ अंश. वेळ बरोबर, औषध बरोबर. पण फिल्म उलगडली तर शेवटच्या पाच निगेटिव्हवर दुधाळ पट्टे. वेढ्याला वेढा चिकटला होता तिथे डेव्हलपरही पोचला नव्हता आणि हायपोही. फिल्म मुडपली तिथे नखाच्या कडेसारख्या चंद्रकोरी. आजींच्या सहापैकी दोन वाचल्या. हातांचा फोटो गेला.

मी आजींना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "यंदाचं इरलं झालं इनून. म्होरल्या जेठात ये. हात काय कुटं जात न्हाईत."

त्या रात्री मला डिजिटलची फार आठवण झाली. मागच्या पडद्यावर बघितलं असतं तर तिथल्या तिथे परत काढता आला असता. हे मी मान्य करते आणि इथे लिहून ठेवते, कारण मागच्या वेळी मी फक्त धुण्याच्या बाजूनेच विचार केला होता. वाया गेलेली फिल्म परत येत नाही आणि आजींचं विणकाम वर्षातून एकदाच असतं.


हायपो · १७ ऑगस्ट

ताई, चूक तुमच्या हातात नाही, रिळात आहे. प्लास्टिकचं रीळ जरा जरी दमट असलं तरी फिल्म पुढे सरकत नाही, आणि १२० ची फिल्म रुंद असल्याने जास्तच अडते. चुलीच्या वर, जिथे हाताला ऊब लागते पण चटका बसत नाही अशा जागी रीळ आदल्या दिवशी टांगून ठेवा. फिल्मच्या सुरुवातीची दोन्ही टोकं कात्रीने किंचित गोल करा. आणि काळी पिशवी सोडा. त्या पिशवीत हातांच्या घामानेच दमट होतं. अमावास्येच्या आसपासची रात्र धरा, दाराखिडक्यांना घोंगडी लावा, डोळे अंधाराला सरावले तरी स्वतःचा हात दिसत नाही एवढा अंधार झाला की खोलीतच रोल उघडा. लाईट गेलेल्या गावासारखी डार्करूम शहरात बांधूनही मिळत नाही.

अडकली तर जोर लावू नका. फिल्म टँकमध्ये सुटी टाकून झाकण लावा, हात कोरडे करा, अर्धा तास थांबा. मी तुमच्यासाठी एक स्टीलचं रीळ पाठवतो. ते आतून बाहेर भरायचं असतं, ओलं असलं तरी अडत नाही. वाया गेलेल्या त्या फिल्मवर उजेडात पन्नास वेळा सराव करा, मग डोळे मिटून पन्नास वेळा.


गावभाग · १८ ऑगस्ट

दुधाळ पट्ट्यांची फिल्म फेकली नसेल तर ताज्या हायपोत परत पाच मिनिटं टाका. प्रतिमा परत येणार नाही, पण पट्टे स्वच्छ होतील आणि शेजारच्या निगेटिव्ह टिकतील.


स्टुडिओतली · २८ सप्टेंबर

थोडक्यात. रीळ मिळालं, हायपोकाका. सराव केला. त्यानंतरचे तीनही रोल एकही डाग न पडता निघाले.

मध्ये एक रंगीत रोलही काढून पाहिला होता, शहरातल्या एका लॅबकडे कुरिअरने पाठवला. तो पाच आठवड्यांनी परत आला, पाकीट भिजलेलं आणि रंग हिरवट. रंगीत रोल माझ्यापुरता संपला.

गौरी-गणपतीच्या सुट्टीत डिजिटल वर आणला, मॅक्रो लेन्ससकट. सडा-पठार आले होते, त्यांच्याबरोबर दोन दिवस सड्यावर फिरले. गुडघे टेकून, पोटावर झोपून. दवबिंदूच्या एका पानावर चिकटलेला डास आणि त्याच्याकडे वळत आलेले लाल केस पडद्यावर मोठे करून बघितले तेव्हा माझी खात्री पटली की हे काम याच कॅमेऱ्याचं. साताऱ्यातून दोन बॅटऱ्या भरून आणल्या होत्या. सतत पडद्यावर बघणं टाळलं तर एका बॅटरीवर हजारभर फोटो निघतात, महिना आरामात जातो. रॉ फाइल एकेक २५-३० एमबीची, त्यामुळे कार्ड मात्र भराभर भरतं. दर फेरीला एक प्रत बहिणीकडे आणि एक आण्णांकडे ठेवतेय.


सडा-पठार · २८ सप्टेंबर

त्या दोन दिवसांत मीही एक पाहिलं. ताईंनी वाडीत माणसांवर यशिका धरला तेव्हा कोणी तोंड फिरवलं नाही. माझा मोठा लेन्स बघून त्याच आजी आत निघून गेल्या होत्या. माणसांसाठी तो कॅमेरा राहू द्या, मी माझा शब्द मागे घेतो.


स्टुडिओतली · १६ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपवून परवा वर जातेय. सुट्टीआधी काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

निगेटिव्ह गावात होत होत्या, पण फोटो हातात द्यायची पायरी राहिलीच होती. निगेटिव्ह मोठी करून छापायच्या एनलार्जरला वीज लागते आणि तो वर न्यायचा कसा. आण्णांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, निगेटिव्ह सहा सेंटिमीटरची आहे. काँटॅक्ट काढ की." शाळेच्या सामानाच्या खोलीला खिडकी नाही. तिथे तीन प्लास्टिकचे ट्रे मांडले. सायकलच्या मागे लावतात तो सेलवरचा लाल दिवा कोपऱ्यात टांगला. आधी फोटोच्या कागदाच्या तुकड्यावर नाणं ठेवून दहा मिनिटं त्या उजेडात ठेवलं आणि धुऊन पाहिलं, नाण्याची खूण उमटली नाही, म्हणजे दिवा चालतो. कागदावर निगेटिव्ह, वर जुन्या तसबिरीची काच, आणि वरून पातळ कागद गुंडाळलेल्या बॅटरीचा उजेड, एक-दोन-तीन मोजेपर्यंत.

चौथीची तिघं आत होती. कागद डेव्हलपरमध्ये सोडला. पहिल्यांदा काहीच नाही. मग जाळीच्या रेषा, मग पदर, मग कपाळ. एक मुलगा ट्रेवर इतका वाकला की त्याचा श्वास पाण्यावर दिसत होता. म्हणाला, "बाई, आज्जी पान्यातनं वर आली."

इरलंवाल्या आजींना त्यांचा फोटो आधी दिला. सहा सेंटिमीटरचा, भोवती काळी कड. त्यांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि कमरेची चंची सोडून सुपारी-चुन्याच्या कप्प्याशेजारच्या रिकाम्या कप्प्यात ठेवला. बरोब्बर मावला. त्यानंतर वाडीतल्या नऊ जणांना त्यांचे फोटो दिलेत.

भिंतीवर लावायला मोठा हवा असेल त्यांच्यासाठी निगेटिव्ह खिडकीतल्या उजेडावर, पांढऱ्या ॲक्रिलिकच्या तुकड्यावर ठेवून डी ७२०० च्या मॅक्रोने तिचा फोटो काढते, आणि साताऱ्यात मोठा छापून आणते. गावभाग यांच्या सांगण्याप्रमाणे धुतलेल्या निगेटिव्ह साताऱ्यालाच राहतात. आधार कार्डाचा फोटो लावलेल्या त्या घरातल्या आज्जींचाही असा मोठा करून आणलाय. त्या म्हणतात आत्ता लावायचा नाही, आजोबांच्या शेजारची जागा तेवढी मोकळी ठेवलीय.


हायपो · १६ नोव्हेंबर

कागद डब्यातून काढताना पाकीट अंधारातच परत बंद करत जा. मुलांचे हात डेव्हलपरला लागू देऊ नका, चिमटे वापरा. बाकी तुमच्या आण्णांना माझा नमस्कार सांगा.


लाँचकाठ · १७ नोव्हेंबर

बाई, आयचा फोटू मिळाला. भावानं मोबाईलवर त्येचा बी फोटू काढून पाठवला. वाशीत गाळ्यावर सगळ्यांनी बघितला.

पुसात आमच्या वाडीची जत्रा हाय. त्या दिशी मुंबईची समदी मानसं गावात असत्यात. आमच्याकडं सत्तरीच्या वरची पंधरा जनं हायती, त्यातली दोन अंथरुनाला खिळलेली. त्येंच्या घरी यावं लागंल. बामणोलीस्नं लाँच मी ठरवतो, याल का?


स्टुडिओतली · १७ नोव्हेंबर

येते. पंधरा म्हणजे दोन रोल. अंथरुणावरच्या दोघांना आधी घेऊ, सकाळी उजेड दारातून आत येतो तेव्हा. त्यांची खाट दाराशी सरकवता येईल का, तेवढं घरी विचारून ठेवा.